नागपूर, डिसेंबर २०२५ : ७५ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या आणि त्यामागची तूट

८ ते १४ डिसेंबर २०२५ या सात दिवसांत विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात पार पडले. पहिल्याच दिवशी सरकारने ७५,२८६.३७ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या, म्हणजे मार्चच्या अर्थसंकल्पाबाहेरच्या खर्चासाठी वर्षाच्या मध्ये मागितलेली मंजुरी, मांडल्या आणि अधिवेशन संपेपर्यंत त्या मंजूरही झाल्या. दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेतेपद रिकामे होते. सभागृहाबाहेर नेहमीप्रमाणे मोर्चे होते. अंगणवाडीताई, कंत्राटी कर्मचारी, शिक्षक, शेतकरी, ज्याचे त्याचे गाऱ्हाणे घेऊन लोक आले होते. नागपूरकरांना हे चित्र पाठ आहे. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला मोर्चा अडतो, शिष्टमंडळ निवेदन घेऊन आत जाते, आश्वासन घेऊन बाहेर येते.

या प्रकरणात तपासायचे आहे ते एवढेच की मार्चमध्ये मंजूर झालेल्या अर्थसंकल्पात आधीच मोठी तूट असताना हे ७५ हजार कोटी आले कुठून, आणि ते खरोखर आले का.

नागपूरच्या बाबतीत एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. १९५३ च्या नागपूर करारामुळे वर्षातले एक अधिवेशन इथे होते, पण अर्थसंकल्प मुंबईत मार्चमध्ये मांडला जातो. त्यावरची खातेनिहाय चर्चा, कपात सूचना, कर वाढवणे-घटवणे, सगळे तिकडेच. नागपूरच्या वाट्याला येतात त्या पुरवणी मागण्या. विदर्भातला माणूस राज्याच्या तिजोरीची चर्चा जवळून ऐकतो ती या मागण्यांच्या जाडजूड पुस्तिकेच्या निमित्ताने, आणि तीही आपल्या गावचा रस्ता त्यात आहे की नाही एवढ्यापुरती.

मार्चचा हिशेब

१० मार्च २०२५ रोजी अर्थमंत्री अजित पवार यांनी मांडलेला २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७,००,०२० कोटींचा होता. महसुली जमा ५,६०,९६४ कोटी आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी, म्हणजे महसुली तूट ४५,८९१ कोटी. राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी.

या दोन तुटींची चर्चेत कायम गल्लत होते. महसुली तूट म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने असा रोजचा खर्च रोजच्या कमाईतून न भागणे. राजकोषीय तूट म्हणजे त्या वर्षी एकूण घ्यावे लागणारे कर्ज. १,३६,२३५ कोटींच्या कर्जातले ४५,८९१ कोटी, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक, रोजच्या खर्चात जाणार होते. त्या पैशातून रस्ता, धरण, इस्पितळ काही उभे राहत नाही. नुसते व्याजच ६४,६५९ कोटी धरले होते. दिवसाला १७७ कोटी. पगार आणि निवृत्तिवेतन त्यात मिळवले की महसुली जमेतला निम्म्याहून जास्त पैसा वर्ष सुरू होण्याआधीच बांधलेला असतो.

राज्याचे एकूण कर्ज मार्च २०२६ अखेर ९,३२,२४२ कोटींवर जाईल असा अंदाज होता. सकल राज्य उत्पन्नाशी हे प्रमाण १८.८७ टक्के पडते आणि २५ टक्क्यांच्या मर्यादेत बसते. सत्ताधारी बाजू नेहमी हे प्रमाण सांगते, विरोधी बाजू नेहमी नऊ लाख कोटींचा आकडा सांगते. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण यंदाची अडचण या दोन्हीत दिसत नाही. ती दिसते तीन टक्क्यांच्या रेषेत.

तीन टक्क्यांची रेषा

राज्याच्या २००५ च्या राजकोषीय उत्तरदायित्व कायद्यानुसार आणि २०२५-२६ पर्यंत लागू असलेल्या पंधराव्या वित्त आयोगाच्या चौकटीनुसार राजकोषीय तूट सकल राज्य उत्पन्नाच्या तीन टक्क्यांत ठेवायची असते. केंद्राचे कर्ज शिल्लक असलेल्या राज्याला नवे कर्ज काढायला संविधानाच्या कलम २९३(३) प्रमाणे केंद्राची संमती लागते आणि ती याच रेषेवर बेतलेली असते. त्यामुळे मनात आले म्हणून जास्त रोखे विकता येत नाहीत. रिझर्व्ह बँक मंगळवारी राज्यांच्या रोख्यांचा लिलाव करते, पण वर्षभरात किती काढायचे ते आधीच ठरलेले असते. हातउसने म्हणून अर्थोपाय अग्रिम मिळतात. त्यापुढे ओव्हरड्राफ्टमध्ये गेले तर सलग १४ कामकाजाच्या दिवसांच्या पुढे राहता येत नाही.

आता गणित करून पाहू. २०२५-२६ साठी सकल राज्य उत्पन्न ४९,३९,३५५ कोटी धरले होते. त्याचे तीन टक्के म्हणजे सुमारे १,४८,१८० कोटी. अर्थसंकल्पातच १,३६,२३५ कोटींची तूट दाखवलेली. हाती मोकळी जागा उरते ती जेमतेम १२ हजार कोटींची.

पुरवणी मागण्या मात्र आल्या त्या अशा. जुलैच्या पावसाळी अधिवेशनात ५७,५०९.७१ कोटी, त्यांचा निव्वळ भार ४०,६४४.६९ कोटी. डिसेंबरमध्ये नागपुरात ७५,२८६.३७ कोटी, निव्वळ भार सुमारे ६४,६०५ कोटी. ढोबळ रकमेत केंद्राकडून येणारा आणि नुसता आपल्या हिशेबातून पुढे जाणारा पैसा असतो, काही नोंदी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवण्यापुरत्या असतात. त्या वजा केल्या की तिजोरीवर खरोखर पडणारा भार उरतो. दोन्ही अधिवेशनांचा मिळून तो झाला सुमारे १,०५,२५० कोटी.

जागा १२ हजार कोटींची, भार एक लाख पाच हजार कोटींचा. मधले ९३ हजार कोटी दोनच वाटांनी भरून निघू शकतात. अंदाजापेक्षा जास्त कर गोळा व्हावा, नाहीतर आधी मंजूर केलेला दुसरा कुठला तरी खर्च होऊ नये. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हा ९३ हजारांचा आहे. पुरवणी मागण्यांची चर्चा या आकड्यापासून सुरू व्हायला हवी होती. कोणते काम थांबवून हे पैसे उभे करणार, हा प्रश्न प्रत्येक खात्याच्या मंत्र्याला वेगळा विचारायला हवा होता.

आदल्या वर्षीचा अनुभव काय सांगतो? २०२४-२५ मध्ये जुलैत ९४,८८९ कोटी, डिसेंबरात नागपुरात ३५,७८८ कोटी आणि मार्चमध्ये ६,४८६ कोटी अशा एकूण १,३७,१६३ कोटींच्या पुरवणी मागण्या मंजूर झाल्या. अर्थसंकल्प होता ६,१२,२९३ कोटींचा. सुधारित अंदाजात खर्च दाखवला गेला ६,७२,०३० कोटी, म्हणजे वाढ ६० हजार कोटींच्याही आत. १ लाख ३७ हजार कोटींच्या खर्चाला परवानगी दिली आणि प्रत्यक्षात एकूण खर्च त्याच्या निम्म्यानेही वाढला नाही. हा फरक सगळा कपातीचाच आहे असे म्हणणे चुकीचे होईल, त्यात हिशेबी फिरवाफिरवही आहे. तरी एक गोष्ट स्पष्ट होते. पुरवणी मागणी मंजूर होणे म्हणजे खर्चाची परवानगी मिळणे. पैसा मिळणे ही पुढची, वेगळी पायरी आहे.

पुस्तिकेच्या आत

डिसेंबरच्या ७५,२८६ कोटींची विभागणी अशी होती : अनिवार्य खर्च २७,१६७.४९ कोटी, कार्यक्रमांतर्गत खर्च ३८,०५९.२६ कोटी आणि केंद्र पुरस्कृत योजनांसाठी १०,०५९.६२ कोटी. अतिवृष्टी आणि पुराने झालेल्या नुकसानीसाठी सुमारे १५,६०० कोटी होते. त्याआधी ७ ऑक्टोबरला सरकारने ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले होते. हा खर्च मार्चमध्ये कोणाला दिसणे शक्य नव्हते. संविधानाच्या कलम २०५ मध्ये पुरवणी मागणीची सोय आहे ती अशाच वेळेसाठी, तरतूद अपुरी पडली किंवा नवी बाब उभी राहिली तर. त्याबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही.

पण याच पुस्तिकेत लाडकी बहीण योजनेसाठी सुमारे ६,१०३ कोटी आहेत आणि विजेच्या सवलतीसाठी सुमारे ९,२५० कोटी. हे खर्च मार्चमध्ये दिसत होते.

लाडकी बहीणचे गणित कागद-पेन्सिलीवर होते. महिना १,५०० रुपये म्हणजे बाईमागे वर्षाला १८ हजार. मार्चमध्ये तरतूद केली ३६ हजार कोटी. भागाकार करा, बरोबर दोन कोटी महिला. लाभार्थी त्याहून कितीतरी जास्त आहेत हे तेव्हा महिला व बालविकास विभागालाही ठाऊक होते आणि वित्त विभागालाही. डिसेंबरचे ६,१०३ कोटी मिळवले की ४२,१०३ कोटी होतात, त्यात वर्षभरासाठी सुमारे दोन कोटी ३४ लाख महिला बसतात. म्हणजे मार्चची तरतूदच सहा हजार कोटींनी कमी ठेवली होती. ती पूर्ण ठेवली असती तर महसुली तूट तेव्हाच ५२ हजार कोटींवर दिसली असती आणि चर्चा योग्य वेळी, योग्य आकड्यावर झाली असती. निवडणुकीत कबूल केलेले २,१०० रुपये द्यायचे ठरवले तर याच संख्येला वर्षाला आणखी सुमारे १६,८५० कोटी लागतील.

ही योजना वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. कळमना बाजारात धान्य निवडणाऱ्या किंवा इमारतीवर गिलाव्याचे घमेले वाहणाऱ्या बाईच्या हातात महिन्याला दीड हजार येणे ही मोठी गोष्ट आहे आणि ती तिच्या घरात दिसते. नेमक्या याच कारणाने तिच्यासाठीची तरतूद मार्चमध्ये पूर्ण असली पाहिजे. अपुरी ठेवली की वर्षाच्या मध्यावर पैसा दुसरीकडून ओढावा लागतो. २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे सुमारे ३३५ कोटी या योजनेकडे वळवले गेले आणि त्यावर खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. ३६ हजार कोटींपुढे हे ७४५ कोटी म्हणजे दोन टक्के. पण गडचिरोलीतल्या आश्रमशाळेच्या किंवा नागपुरातल्या मागासवर्गीय वसतिगृहाच्या हिशेबात तेवढ्याने वर्ष बिघडते.

मांडले गेलेले उपाय

पहिला उपाय उत्पन्न वाढवण्याचा. जीएसटी आल्यापासून राज्याच्या हातात थेट वाढवता येण्याजोगे कर थोडेच उरले आहेत : दारूवरचे उत्पादन शुल्क, मुद्रांक शुल्क, मोटार वाहन कर आणि पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे शुल्क उत्पादन मूल्याच्या तिप्पटीवरून साडेचारपट केले आणि देशी दारूचे प्रूफ लिटरला १८० वरून २०५ रुपये केले. यातून वर्षाला १४ हजार कोटी वाढीव मिळतील असा अंदाज सांगितला गेला. बार आणि परमिट रूमवाल्यांनी १४ जुलैला राज्यभर बंद पाळला.

नागपूर विभागात बसून या उपायाकडे पाहिले की त्याच्या मर्यादा लवकर कळतात. विभागातल्या सहा जिल्ह्यांपैकी वर्धा १९७५ पासून आणि गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीचे जिल्हे आहेत. चंद्रपुरात २०१५ ते २०२१ बंदी होती. सावनेरच्या पुढे गेले की मध्य प्रदेश लागतो. शुल्क एका झटक्यात दीडपट झाले की पिणारा स्वस्त प्रकाराकडे सरकतो किंवा सीमेपलीकडची बाटली इकडे येते आणि उत्पादन शुल्क विभागाच्या भरारी पथकांचे काम वाढते. शुल्काचा दर दीडपट झाला म्हणून वसुली दीडपट होत नाही ती यामुळे. शिवाय याच विदर्भात गावोगावच्या बायकांनी दारू बंद करण्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला आहे. त्यांच्यासाठीच्या योजनेचा भार दारूच्या खपावर टाकायचा असेल, तर सरकारने ते त्यांना तोंडावर सांगावे. तेवढा मान त्यांना मिळायला हवा.

दुसरी मोठी वाढ मुद्रांक शुल्कातली. १ एप्रिल २०२५ पासून रेडी रेकनरचे, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी मूल्याचे, दर मुंबई सोडून महापालिका क्षेत्रांत सरासरी ५.९५ टक्क्यांनी वाढले. हा पैसा चांगला येतो, पण घरांचे व्यवहार मंदावले की तितक्याच वेगाने आटतो. वाहन करात सीएनजी गाड्यांवर एक टक्का वाढला. ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर सहा टक्के कर लावायचे जाहीर झाले आणि तो त्याच मार्च महिन्यात मागे घेतला गेला.

दुसरा उपाय छाननीचा. लाडकी बहीण योजनेत सुमारे २६ लाख खाती तपासणीसाठी थांबवली गेली. लाभार्थ्यांत १४ हजारांहून जास्त पुरुषही निघाले. सप्टेंबरपासून ई-केवायसी सक्तीची झाली. २६ लाख खाती कायमची वगळली असे धरले तरी वर्षाला वाचतात ४,६८० कोटी. छाननी व्हायलाच हवी, पण ९३ हजार कोटींच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. ई-केवायसीत आधारशी मोबाइल जोडलेला नसणे, विधवा किंवा परित्यक्ता बाईकडे पती-वडिलांचा आधार नसणे अशा कारणांनी पात्र बाईच अडकली तर वाचलेला पैसा तिच्याच ताटातला असतो.

केंद्राकडून जास्त वाटा घ्यावा हे तिसरे म्हणणे. २०२५-२६ मध्ये विभाज्य करांतल्या ४१ टक्क्यांपैकी महाराष्ट्राला ६.३१७ टक्के मिळत होते आणि उपकर-अधिभार त्या विभाज्य रकमेत येतच नाहीत. तक्रार रास्त आहे. पण वाटा पाच वर्षांतून एकदा वित्त आयोग ठरवतो. डिसेंबरात मागून मार्चपर्यंत काही हाती लागत नाही.

आणि या सगळ्याच्या वर कर्जमाफी उभी आहे. २८ ऑक्टोबर २०२५ ला बच्चू कडू यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी ट्रॅक्टर घेऊन नागपूरला आले, वर्धा रोड ठप्प झाला आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला रस्ता मोकळा करण्याचा आदेश द्यावा लागला. ३० ऑक्टोबरच्या बैठकीनंतर सरकारने ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेण्याचे मान्य केले आणि प्रवीणसिंह परदेशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कापूस आणि सोयाबीनचा भाव हमीभावाखाली पडलेला असताना ही मागणी अनाठायी म्हणता येत नाही. २०१७ च्या योजनेत दीड लाखापर्यंतच्या माफीसाठी ३४ हजार कोटींचा आकडा जाहीर झाला होता, २०१९ मध्ये मर्यादा दोन लाख झाली. यंदाची रक्कम काहीही ठरली तरी ती २०२६-२७ च्या तीन टक्क्यांतच बसवावी लागेल.

एक देयक जवळून

हे सारे उपाय मिळून ९३ हजार कोटींचा खड्डा भरत नाही. मग तो भरतो कसा? त्यासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या एका उपविभागात जाऊ.

उदाहरणादाखल काटोल भागातला एक कोटीचा रस्ता घ्या. लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी हिशेबातला खर्चाचा क्रमांक, ५०५४ : रस्ते व पूल यांवरचा भांडवली खर्च. काम पुरवणी मागण्यांच्या पुस्तिकेत येते तेव्हा त्यापुढे तरतूद असते समजा दहा लाखांची. बाकी पुढे बघू. एवढ्यावर प्रशासकीय मान्यता मिळते, निविदा निघते, कार्यादेश होतो. आमदार भूमिपूजन करतात. कंत्राटदार पाचगावहून गिट्टी आणतो, ब्रासला ६०० रुपये रॉयल्टी भरतो, डांबर रोखीने उचलतो. काम होते. कनिष्ठ अभियंता लांबी, रुंदी, जाडी मोजमाप पुस्तकात चढवतो, उपअभियंता तपासतो, देयक विभागीय कार्यालयात जाते, लेखाधिकारी सही करतो. इथपर्यंत सगळे नियमात.

आता पैसा बीम्सवर यायला हवा. ही राज्याची निधी वितरणाची संगणक प्रणाली आहे. वित्त विभाग जेवढी टक्केवारी मोकळी करतो तेवढीच आहरण व संवितरण अधिकाऱ्याला, म्हणजे कार्यालयाचे पैसे काढून वाटणाऱ्याला, दिसते. विभागाने कळवलेले दायित्व (एकूण देणे) शंभर असेल आणि निधी पंधरा आला, तर तो सगळ्यांत पंधरा-पंधरा टक्के वाटला जातो. एक कोटीच्या कामाला पंधरा लाख. "बिल पास आहे, निधी नाही," हे उत्तर प्रत्येक विभागीय कार्यालयाच्या व्हरांड्यात रोज ऐकू येते.

कंत्राटदाराचे चक्र मात्र थांबत नाही. बीजक निघाले की त्यावरचा १८ टक्के जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेच्या विवरणपत्रात दाखवावा लागतो, सरकारचे पैसे आले असोत वा नसोत. अडकलेले ८५ लाख बँकेच्या कॅश क्रेडिटवर ११ टक्क्यांनी ओढले तर वर्षाचे व्याज होते ९ लाख ३५ हजार. तोच पैसा राज्याने साडेसात टक्क्यांच्या रोख्यांतून उभा केला असता तर ६ लाख ३८ हजार लागले असते. म्हणजे सरकारने कर्ज काढलेच. फक्त ते रिझर्व्ह बँकेच्या लिलावाऐवजी काटोलच्या कंत्राटदाराकडून, त्याच्या गिट्टीवाल्याकडून आणि रोलरचालकाच्या थकलेल्या मजुरीतून काढले. सरकारचा हिशेब रोखीवर चालतो, पैसा हातातून गेला तरच खर्च धरला जातो. म्हणून हे कर्ज राजकोषीय तुटीत कुठेही दिसत नाही आणि तीन टक्क्यांची रेषा शाबूत राहते.

२०२५ मध्ये कंत्राटदार संघटना सर्व विभाग मिळून सुमारे ८९ हजार कोटी थकल्याचा दावा करत होत्या. हा संघटनांचा आकडा आहे. पण त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पातला सगळा भांडवली खर्च ९३,१६५ कोटींचा होता, हे शेजारी ठेवले म्हणजे दाव्याचा आकार कळतो. थकबाकीपायी महाराष्ट्रात माणसांनी जीव दिले आहेत. त्याबद्दल बोलताना तुटीची टक्केवारी फार लहान वाटते.

याचे परिणाम रस्त्यावर उतरतात. पुढच्या निविदेला चांगले लोक येत नाहीत. जे येतात ते दोन वर्षांच्या व्याजाची बेगमी दरात धरतात, किंवा दर कमी लावून डांबराचे प्रमाण घटवतात. दोषदायित्व कालावधीत, म्हणजे काम बिघडले तर कंत्राटदारानेच दुरुस्त करायच्या मुदतीत, खड्डे बुजवायला बोलावले की कंत्राटदार म्हणतो, आधी जुने बिल काढा. त्याला काय उत्तर देणार?

लांबणीचा हिशेब विदर्भाला नवा नाही. गोसीखुर्दची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला झाली. मूळ किंमत ३७२.२२ कोटी. दरवर्षी थोडी-थोडी तरतूद मिळत गेली, खर्च १८ हजार कोटींच्या पुढे गेला आणि भंडारा, चंद्रपूर, नागपूर जिल्ह्यांतल्या अडीच लाख हेक्टरच्या सिंचनाची वाट पाहण्यात एक पिढी गेली. भांडवली कामाचा पैसा रोखला की त्या वर्षीची तूट कमी दिसते. ती रक्कम वाढून पुढच्या पिढीच्या नावावर चढते. पवनारपासून निघणाऱ्या शक्तिपीठ महामार्गाला २०,७८७ कोटींची मान्यता देताना वित्त विभागाने कर्जाच्या भाराबद्दल सावध केले होते, ते याच कारणाने गंभीरपणे घ्यायला हवे. जुनी बिले उभी असताना नवे दायित्व घेतले जात आहे.

काय बदलता येईल

पुरवणी मागण्यांच्या पुस्तिकेत प्रत्येक बाबीपुढे स्पष्टीकरणात्मक टिप्पणी असते. तिच्यात तीन गोष्टी बंधनकारक कराव्यात : ही रक्कम मार्चमध्ये का धरली नाही, निव्वळ भार किती, आणि ती कोणत्या लेखाशीर्षातल्या बचतीतून किंवा कोणत्या जमेतून येणार. तिसऱ्या रकान्यात "उपलब्ध निधीतून" असे लिहायला मनाई असावी. एवढे केले तरी ९३ हजार कोटी कोणत्या जमेतून किंवा कपातीतून येणार हे सभागृहाला मतदानाआधी कळेल. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही.

बांधकाम, जलसंपदा, पाणीपुरवठा या खात्यांत दहा टक्के तरतुदीवर कामे मंजूर करण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. खात्याचे एकूण दायित्व त्या वर्षीच्या तरतुदीच्या दुपटीवर गेले की नवी प्रशासकीय मान्यता थांबावी. आमदारांचा याला सगळ्यात मोठा विरोध असेल, कारण मतदारसंघातला नारळ फुटायचा राहतो. पण अर्धवट उकरून ठेवलेला रस्ता कोणाच्याच कामाचा नसतो.

तपासलेली आणि मंजूर झालेली पण पैसे न मिळालेली देयके लेखाशीर्षनिहाय आणि विभागनिहाय दर तिमाहीला जाहीर व्हावीत. माहिती कार्यालयांत आहेच, ती एकत्र करून लोकांसमोर ठेवायची आहे. निधी आला की सगळ्यांत टक्केवारीने वाटण्याऐवजी आधी मंजूर झालेले देयक आधी, असा क्रम लावावा. टक्केवारीच्या वाटपात कोणाचेच काम संपत नाही आणि कोणाचे आधी काढायचे यात वशिल्याला वाव राहतो.

लाडकी बहीण, कृषिपंपांची वीज अशा दरमहा चालणाऱ्या योजनांची तरतूद मार्चमध्ये पूर्ण लाभार्थी संख्येवर करावी आणि संख्या अर्थसंकल्पाच्या कागदांत छापावी. सरकारला २,१०० रुपये द्यायचे असतील तर द्यावेत, पण १६,८५० कोटी त्या दिवशी जमेच्या बाजूला दाखवून.

ज्यांना हे स्वतः तपासायचे आहे त्यांनी मार्चमध्ये अर्थसंकल्पाची खातेनिहाय पुस्तके उघडावीत. संकेतस्थळावर ती फुकट मिळतात. लेखाशीर्ष ५०५४ काढावे. मूळ तरतूद, त्यात जुलै आणि डिसेंबरच्या पुरवणी मागण्यांतले आकडे मिळवावेत आणि बेरीज सुधारित अंदाजाच्या रकान्याशी ताडून पाहावी. सुधारित अंदाज बेरजेपेक्षा जेवढा कमी, तेवढ्या रकमेत, हिशेबी फिरवाफिरव सोडली तर, मंजूर असूनही पैशाविना राहिलेली कामे असतात. मग तीच ओळ जलसंपदेच्या आणि आदिवासी विकासाच्या पुस्तकात लावून पाहावी.